वारस कोण, हे कोणत्या कागदाने सांगायचं?

वडील ९ जानेवारी २०२५ ला गेले. त्यानंतर जवळजवळ अकरा महिने तलाठी कार्यालय, दोन बँका, हाउसिंग सोसायटी आणि दिवाणी न्यायालय अशा फेऱ्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "वारसाचा कागद आणलात का?" प्रत्येकाच्या मनातला कागद मात्र वेगळा होता. हे सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर किमान दोन महिने वाचले असते. म्हणून तारखांसकट लिहून ठेवतोय.

आधी शब्द. वारस म्हणजे मृत व्यक्तीच्या मालमत्तेत कायद्याने ज्याला हिस्सा मिळतो तो. वारस कायदा ठरवतो, तलाठी किंवा बँक ठरवत नाही. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागतो. मुस्लिम कुटुंबांना त्यांचा व्यक्तिगत कायदा, ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा. गोव्यात तर पद्धतच निराळी आहे, तिथे विशेष नोटरीपुढे वारसांचा दस्त होतो आणि वाटपासाठी इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेच्या यादीची, न्यायालयीन प्रक्रिया असते. त्यामुळे पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या, मृत्युपत्र नसलेल्या हिंदू कुटुंबापुरतं आहे.

आमच्याकडे मालमत्ता म्हणजे सातारा जिल्ह्यात वडिलांनी स्वतः विकत घेतलेली दीड एकर जमीन, पुण्यात सोसायटीतला फ्लॅट, एका बँकेत नॉमिनी लावलेली ठेव आणि दुसऱ्या, सहकारी बँकेत नॉमिनी नसलेली मोठी ठेव. मागे आई, आम्ही दोघे भाऊ, बहीण. आणि आजी, म्हणजे वडिलांची आई, वय ८४.

सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून. मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथल्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होते. २१ दिवसांत कळवायचं असतं. रुग्णालयात मृत्यू झाला तर ते कळवतात, पण त्यांनी भरलेलं नाव तिथल्या तिथे वाचून घ्या. आमच्याकडे रुग्णालयाच्या कागदावर आधार कार्डावरचं नाव होतं आणि सातबाऱ्यावर गावातलं हाकेचं नाव. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं, आणि ते पुढे तीन ठिकाणी मागितलं गेलं. दाखल्याच्या दहा प्रती घेतल्या. आठ लागल्या.

प्रतिज्ञापत्रांच्या मुद्रांकाबद्दल इथेच सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेच्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक आला, म्हणून लोक प्रत्येक प्रतिज्ञापत्राला ५०० खर्च करतात. शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, ही माफी २००४ पासूनची आहे. ते साध्या कागदावर चालतं. बँक आणि सोसायटी मात्र मुद्रांकावरचं मागतात. कोणासाठी करतोय ते आधी ठरवा, मग मुद्रांक विकत घ्या.

आता खरा अडकलेला भाग. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वारसांची यादी केली: आई, दोन मुलगे, एक मुलगी. वंशावळ काढली, सह्या झाल्या, १७ फेब्रुवारीला ई-हक्क या महसूल विभागाच्या ऑनलाइन प्रणालीतून वारस नोंदीचा अर्ज भरला. आठ दिवसांनी अर्ज त्रुटीत परत आला. तलाठ्यांनी चौकशीत गावात विचारलं होतं आणि त्यांना कळलं होतं की मयताची आई हयात आहे.

हिंदू वारसा कायद्यात पुरुष मयत झाला तर पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली आणि आई येते. वडील येत नाहीत, ते दुसऱ्या वर्गात आहेत. आई मात्र पहिल्या वर्गात, पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने. मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर त्यांची मुलं त्यांच्या जागी येतात, आधी गेलेल्या मुलाची विधवाही येते. म्हणजे आमच्या जमिनीत पाच समान हिस्से: आजी, आई, आम्ही दोघे, बहीण. प्रत्येकी एक पंचमांश.

"आजीचं कशाला, तिचं वय झालंय" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं. ते कायद्याने चूक आहे आणि व्यवहारातही महागात पडतं. आजीचा हिस्सा तिच्या मुलाच्या मृत्यूच्या क्षणीच तिचा झालेला असतो, सातबाऱ्यावर नाव लागो न लागो. उद्या ती गेली तर तो हिस्सा तिच्या सगळ्या मुला-मुलींकडे जातो, म्हणजे काका आणि आत्या वारस म्हणून येतात, आणि आपल्याला आपल्या वडिलांच्या जागी त्यातला एक भाग मिळतो. नाव लपवून तो हिस्सा नाहीसा होत नाही. उलट खोट्या वंशावळीवर शपथ घेतली म्हणून भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा होऊ शकतो. बहिणीचं नाव गाळणाऱ्यांनाही हेच लागू.

जमीन वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची असती तर हिशेब बदलला असता. तिथे आधी मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झालं असं धरतात, आणि वडिलांच्या वाट्याला आलेल्या तेवढ्याच भागाला वारसा लागतो. मुलींना अशा मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. म्हणून वंशावळीला बसण्याआधी जमीन वडिलांकडे कशी आली ते जुन्या फेरफारांवरून, म्हणजे जमिनीच्या नोंदीत झालेल्या बदलांवरून बघा. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात, त्यांच्या नकला तहसील कार्यालयातून मिळतात, जुने अनेक ऑनलाइनही आहेत.

२८ फेब्रुवारीला पाचही नावांनिशी नवा अर्ज भरला. सोबत मृत्यूचा दाखला, चालू सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा), सर्व वारसांची नावं, वयं, पत्ते आणि मयताशी नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, ओळखपत्रांच्या स्वसाक्षांकित प्रती. अर्जाचं शुल्क घेतलं गेलं नाही. धाकटा भाऊ दुबईत असतो, त्याची सही नोंदीला अडली नाही; वारस नोंदीला एका वारसाने सगळ्यांची नावं देऊन अर्ज केला तरी चालतो.

त्यानंतरचा प्रवास असा. तलाठी, ज्यांचं पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात अजून तलाठीच म्हणतात, ते चौकशी करून गाव नमुना सहा-क, म्हणजे वारस नोंदवहीत नोंद घेतात. मग नमुना सहामध्ये फेरफार लिहिला जातो. हितसंबंध असलेल्यांना नमुना नऊची नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस ठेवतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि मगच सातबाऱ्यावर नावं चढतात. हरकत आली तर प्रकरण नमुना सहा-अ, विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील.

नोटीस कुठवर आली ते 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गाव निवडून पाहता येतं, त्यासाठी गावी जायची गरज नाही. आमची नोटीस १२ मार्चला दिसली, फेरफार ३ एप्रिलला प्रमाणित झाला. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असं जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ मध्ये आहे, ती मुदत आम्ही पाळली. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण कामं अडतात: पीककर्ज, पीकविमा, अनुदान सगळंच मयताच्या नावावर थांबतं. त्याच एप्रिलमध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली आणि वर्षानुवर्षं पणजोबांच्या नावावर पडलेले सातबारे बाहेर आले. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, पाचही नावांचं शुद्धलेखन त्याच दिवशी तपासा. बहिणीच्या सासरच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त व्हायला आणखी तीन आठवडे गेले.

सातबाऱ्यावर नाव लागणं म्हणजे मालकी सिद्ध होणं असं समजू नका. फेरफार ही महसुलासाठीची नोंद आहे. उलट काही सिद्ध होईपर्यंत ती खरी मानतात, इतकंच. हा सातबारा घेऊन बँकेत गेलो आणि "हा वारसाचा पुरावा आहे" म्हटलं तर काउंटरवरच्या बाईंनी तो बघितलाही नाही. त्यांचं बरोबर होतं.

बँकेकडे वळू. जिथे नॉमिनी आई होती तिथे काम सरळ झालं: मृत्यूचा दाखला, दावा अर्ज, आईची ओळखपत्रं, मूळ पावती. मार्चमध्ये कागद दिले, नवव्या दिवशी रक्कम आईच्या खात्यात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेच्या बाबतीत नॉमिनी हा पैसे स्वीकारायला नेमलेला माणूस. त्याला पैसे दिले की बँकेची जबाबदारी संपते, वारसांचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत हे १९८४ मध्येच सांगितलं होतं आणि शेअर्सबाबत १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात पुन्हा सांगितलं. विम्यात एक फरक २०१५ पासून आहे: आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्या हक्काची धरली जाते. त्यामुळे "नॉमिनी तू आहेस, म्हणजे सगळं तुझं" आणि "नॉमिनीला काहीच अर्थ नाही" ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. नॉमिनी असण्याचा फायदा मोठा आहे: पैसे महिन्याभरात घरात येतात आणि वाटणी घरात बसून करता येते. नसला तर काय होतं ते सहकारी बँकेत कळलं.

तिथल्या ठेवीला नॉमिनी नव्हता. लहान रकमांसाठी बँका सर्व वारसांचं हमीपत्र घेऊन पैसे देतात. त्याची मर्यादा प्रत्येक बँकेची वेगळी असू शकते आणि ती लेखी विचारावी. आमची रक्कम त्यांच्या मर्यादेच्या वर होती. शाखेतून सांगण्यात आलं, "वारस दाखला आणा, तहसीलमधून." तहसीलमध्ये पाऊण दिवस गेला. तिथे कळलं की ते कुटुंब निवृत्तिवेतनासारख्या ठरावीक कामासाठी दाखला देतात, बँकेच्या ठेवीसाठी नाही.

इथे दोन कागदांतला फरक समजून घ्यायला हवा, कारण दोन्हींना लोक सर्रास 'वारस दाखला' म्हणतात. पहिला वारसा प्रमाणपत्र. ते १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालय देतं. इंग्रजांच्या काळातला हा नियम महाराष्ट्रात अजून चालू आहे. अमुक व्यक्तीचे अमुक वारस आहेत, एवढं ते मान्य करतं. घर, जमीन, नोकरीतली देणी, सोसायटी अशा ठिकाणी ते मागतात. दुसरं उत्तराधिकार प्रमाणपत्र, १९२५ च्या कायद्याच्या कलम ३७२ खाली. ते फक्त मयताच्या 'ऋणे आणि रोखे' यांच्यासाठी असतं. आपण बँकेत ठेव ठेवतो तेव्हा बँक आपली ऋणको असते, म्हणून ठेव हे मयताला येणं असलेलं ऋण. शेअर, रोखे हेही यात. जमीन आणि फ्लॅट यात येत नाहीत. आम्हाला दुसरं हवं होतं. शाखेतून लेखी मागितल्यावरच त्यांनी नीट शब्द लिहून दिला. तोंडी ऐकून अर्ज करू नका, नाहीतर सहा महिन्यांनी चुकीचं प्रमाणपत्र हातात येतं.

अर्ज २४ एप्रिलला दाखल झाला. मृत्यूच्या वेळी व्यक्ती जिथे सामान्यतः राहत होती तिथलं न्यायालय लागतं, ठेव कुठल्या गावात आहे याने फरक पडत नाही. अर्जात मृत्यूची तारीख, राहण्याचं ठिकाण, सगळे नातेवाईक व त्यांचे पत्ते, अर्जदाराचा हक्क आणि ऋणांचं परिशिष्ट असतं. आई अर्जदार, बाकी आम्ही चौघे सामनेवाले, म्हणजे अर्जातला दुसरा पक्ष. सामनेवाला हा शब्द ऐकून आजी घाबरली; तिला समजावून सांगावं लागलं की हे भांडण नाही, सगळ्यांना कळवल्याची खात्री न्यायालयाला हवी असते. आम्ही चौघांनी आईच्या नावे प्रमाणपत्र देण्यास हरकत नसल्याचं लिहून दिलं. दुबईच्या भावाने आपलं प्रतिज्ञापत्र आणि कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलं. कुलमुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक भरावा लागतो, ही तारीख बरेच जण विसरतात. पाकीट आलेल्या दिवसाची नोंद ठेवा.

मे महिन्यात न्यायालयाला उन्हाळी सुट्टी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जाहीर नोटीस निघाली. ती वर्तमानपत्रात छापायची, वडिलांच्या राहत्या पत्त्यावर चिकटवायची आणि एक महिना थांबायचं. छपाईला ३,८०० रुपये लागले. नोटिशीचा मजकूर छापण्याआधी वाचा. ठेवीचा क्रमांक किंवा नाव चुकलं तर पुन्हा छापावी लागते आणि महिना पुन्हा पहिल्यापासून मोजतात. जुलैअखेर आईचं पुराव्याचं प्रतिज्ञापत्र झालं, मूळ कागद निशाणी क्रमांक (पुराव्याच्या कागदाला न्यायालय देतं तो क्रमांक) पडून दाखल झाले. मूळ पावत्या देण्याआधी रंगीत प्रती काढून ठेवा. दोन तारखा नुसत्या पुढे गेल्या, एकदा न्यायाधीश रजेवर आणि एकदा बँकेचं पत्र आलं नाही म्हणून. १९ सप्टेंबरला आदेश झाला.

बँकेचं पत्र का लागलं हे महत्त्वाचं आहे. अर्ज चालू असताना जुलैमध्ये ठेवीची मुदत संपली आणि ती आपोआप नव्या क्रमांकाने पुढे चालू झाली. अर्जात जुना क्रमांक होता. तसंच प्रमाणपत्र निघालं असतं तर बँकेने पैसे दिले नसते आणि कलम ३७६ खाली प्रमाणपत्राचा विस्तार करून घ्यायला पुन्हा अर्ज करावा लागला असता. वकिलांनी वेळीच विचारलं म्हणून परिशिष्टात दुरुस्ती झाली. मृत्यूच्या दाखल्याबरोबरच बँकेला लेखी द्या की मुदत संपल्यावर काय करायचं, आणि परिशिष्टात 'पावती क्रमांक, तिच्या नूतनीकरणाने आलेला क्रमांक व त्यावरील देय तारखेपर्यंतचं व्याज' असे शब्द घालून घ्या.

खर्च: न्यायालयीन शुल्क रकमेच्या प्रमाणात असतं आणि प्रमाणपत्र हातात येण्याआधी ते भरावं लागतं, म्हणून ठेव अडकलेली असतानाच ही रक्कम दुसरीकडून उभी करायची तयारी ठेवा. वकिलांची फी आमच्याकडे २५,००० ठरली, टप्प्याटप्प्याने दिली. न्यायालयाने बंधपत्र आणि एक जामीनदार मागितला, काकांनी सही केली. प्रमाणपत्राच्या दोन प्रमाणित नकला काढल्या. ते ३१ ऑक्टोबरला हाती आलं, १० नोव्हेंबरला बँकेत दिलं, २१ नोव्हेंबरला पैसे जमा. प्रमाणपत्र आईच्या नावे असलं तरी त्याचा अर्थ पैसे एकट्या आईचे असा नाही, तेही वसूल करण्याचा अधिकार देतं. बँकेने प्रामाणिकपणे त्यावर विसंबून पैसे दिले तर तिला संरक्षण, एवढंच त्याचं काम. वाटणी आम्ही पाच जणांनी लेखी केली.

राहिला फ्लॅट. सोसायटीत नॉमिनी आई. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-१३ प्रमाणे नॉमिनीला तात्पुरतं सदस्य करतात. वारसांचा हक्क कागदोपत्री ठरेपर्यंत तसंच राहतं. उपविधीत मृत्यूपासून सहा महिन्यांत अर्ज करायला सांगितलंय, आम्ही एप्रिलमध्ये दिला, जूनच्या सभेत मंजूर झाला. फ्लॅट एकट्या आईच्या नावे करायचा असेल तर बाकीच्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. 'माझा हक्क नाही' असं साध्या कागदावर किंवा नोटरीपुढे लिहून दिलं तर ते स्थावर मिळकतीत चालत नाही, सह दुय्यम निबंधकांकडे नोंदणी हवीच, आणि सही झाल्यापासून चार महिन्यांत. वारशाने आलेल्या मिळकतीत जवळच्या नात्यात मुद्रांक सवलतीचा, ५०० रुपये आहे, पण ती सवलत नात्यावर अवलंबून असते. आजीने सुनेच्या नावे सोडलं तर ती लागेल का, हे सही करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून लेखी अभिनिर्णय, म्हणजे किती मुद्रांक लागेल याचा निर्णय, करून घेऊन ठरवायचं आहे. सोडायचं की नाही हा आजीचा निर्णय आहे, आम्ही तिला अजून एकदाही सुचवलेलं नाही. बहीण जमिनीतला हिस्सा ठेवणार आहे आणि फ्लॅटमधला आईला देणार आहे. भावाला नोंदणीसाठी अंगठा आणि फोटो द्यायला स्वतः यायचंय, तो मार्चमध्ये येतोय. त्याच्या तिकिटाच्या तारखा आल्या की निबंधक कार्यालयाची वेळ ऑनलाइन घ्यायची आहे.